पावसाळ्यात मुंबईतून ट्रक काढताना: आधी थांबायची जागा ठरवा, मग रस्ता

न्हावा शेवा, कळंबोली, भिवंडी, वाशी मार्केट. मुंबईचा बराचसा माल इथूनच हलतो. जून ते सप्टेंबर या काळात इथून निघालेल्या गाडीला एकाच फेरीत तीन तऱ्हेचे पाऊस भेटतात: शहरात तुंबलेला, खाडीवर वाऱ्यासोबत आडवा येणारा आणि घाटात धुक्यात मिसळलेला. तिन्हींत गाडी चालवायची रीत वेगळी आहे. म्हणून “पावसात गाडी सावकाश चालवा” एवढ्या सल्ल्यावर कुणाचं भागत नाही. सावकाश चालवणारा ड्रायव्हरही रात्री दोन वाजता कसाऱ्याच्या पायथ्याशी अडकतो. मागे गाड्यांची रांग, पुढे काही दिसत नाही आणि बाजूला लावायला जागा नाही, अशी त्याची गत होते.

चाळीस फुटी ट्रेलर कुठेही उभा करता येत नाही, सगळा प्रश्न इथून सुरू होतो. म्हणून या लेखाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी हवामान, मग थांबायच्या जागा, मग मालकाशी बोलणं आणि त्यानंतर गाडी.

निघण्याआधी: अंदाज नीट वाचा

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत असतात, पण त्यामागचे आकडे फार थोड्यांना ठाऊक असतात. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल इशारा म्हणजे वाहतूकबंदी नव्हे, त्यामुळे रस्ता चालू असतो आणि “बंद तर नाही ना” असं म्हणून गाड्या निघतात. रस्ता चालू आहे याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही.

इशारा जिल्ह्यावार येतो आणि पुणे, नाशिकसाठी घाटमाथ्याची ओळ अनेकदा वेगळी दिलेली असते. ट्रकवाल्याने हीच ओळ पाहायची. मुंबई पिवळी आणि पुणे घाटमाथा लाल असेल, तर तुमच्यासाठी तो दिवस लालच आहे. “इथे तर ऊन पडलंय” या बोलण्यावरही जाऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरसुद्धा झाला नव्हता.

शहरात शिरायचं असेल तर दुसरी गोष्ट भरतीची वेळ. मुंबईचे बरेचसे पर्जन्य नाले समुद्रात किंवा खाडीत जिथे उघडतात, ती तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीखाली जातात. समुद्र वर असताना शहरातलं पाणी बाहेर पडत नाही. हाजी अली, लव्हग्रोव्ह, ईर्ला, ब्रिटानिया इथले पंप ते उपसतात, पण पंपांनाही मर्यादा आहे. साडेचार मीटरच्या वरची भरती कोणत्या दिवशी आहे, याची यादी महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. यादी नसेल तर अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे धरा. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकत्र येणार असतील, तर भरतीच्या आधीचे दीड-दोन तास आणि नंतरचे तेवढेच हिंदमाता, गांधी मार्केट, सायन, कुर्ला या पट्ट्यात गाडी घालू नका. वाशी किंवा ठाण्याच्या बाजूला थांबून ओहोटी लागल्यावर आत गेलात, तर बहुतेक वेळा पोहोचायची वेळ तीच येते.

फोनमध्ये ‘मौसम’, ‘दामिनी’ आणि ‘सचेत’ ही तीन सरकारी अ‍ॅप असू द्या. दामिनी विजेसाठी आहे. निघताना तीन तासांचा तात्कालिक अंदाज जरूर बघा, सकाळी आलेला इशारा दुपारपर्यंत बदललेला असतो.

गुगल मॅपबद्दल एक सांगायला हवं. तो तुमची गाडी मोटारच समजतो. पावसात मुख्य रस्ता लाल झाला की तो गल्लीतून, सबवेतून नाहीतर कमी उंचीच्या पुलाखालून वाट काढून देतो. किंग्ज सर्कलच्या रेल्वे पुलाखाली ट्रक अडकल्याच्या बातम्या काही नव्या नाहीत. मिलन, अंधेरी, खार, मालाड या सबवेंचं नाव रस्त्यात दिसलं तर तो रस्ता सरळ सोडा, पाऊस नसला तरी.

थांबायच्या जागा

हा भाग कागदावर लिहून काढा. पावसात नेटवर्क जातं.

पुण्याकडे निघताना कळंबोलीचं ट्रक टर्मिनल ही सोयीची मोठी जागा, त्यानंतर खालापूर टोलनाक्याचा परिसर. पुढे बोरघाट सुरू झाला की लोणावळ्यापर्यंत थांबणं म्हणजे स्वतःला आणि मागच्याला धोक्यात घालणं. त्यामुळे “घाट चढायचा की नाही” हा निर्णय खालापूरलाच घ्यायचा. पुण्याहून येताना तोच निर्णय उर्से टोलनाक्याच्या आसपास, फार तर लोणावळ्याच्या आधी.

नाशिककडे पडघा, शहापूर, खर्डी. खर्डीनंतर कसारा घाट. वरून उतरताना घोटी आणि इगतपुरी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळायचा पर्याय आहे, या टप्प्यातला आठ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या पोटातून जातो. टोल जास्त पडतो म्हणून मालक नाक मुरडतात. उन्हाळ्यात जुन्या रस्त्याने जा, पण घाटमाथ्यावर नारिंगी-लाल असेल त्या दिवशी टोलचा हिशेब करू नका.

गोव्याकडे पेण, वडखळ, माणगाव. महाड सखल आहे, सावित्री आणि गांधारीच्या काठावर. जुलै २०२१ मधला तिथला महापूर सगळ्यांनी पाहिलाय. इशारा असेल तर मुक्काम माणगावला करा, महाडला नाही.

गुजरातकडे वसईच्या पट्ट्यात महामार्गावरच पाणी साचतं. मुंबईच्या बाजूने घोडबंदरमार्गे जाण्याआधी वर्सोवा पुलापलीकडची खबर घ्या. पुढे मनोर आणि चारोटीला हॉटेलांच्या आवारात गाडी लागते.

जागा निवडताना चार गोष्टी टाळा: डोंगर कापलेली बाजू, नाल्याचा काठ, मोठं झाड आणि होर्डिंग. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून सतरा जण गेले, तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता. वळवाच्या वाऱ्याने ते पडलं. पंपावर आडोसा घेणं ही आपली जुनी सवय आहे, पण आधी वर बघा.

मालकाशी बोलणं

ड्रायव्हर धोका पत्करतो तो बहुधा शेठच्या फोनमुळे. शेठ फोन करतो तो पार्टीच्या, म्हणजे ज्याचा माल आहे त्याच्या, फोनमुळे. ही साखळी गाडी निघायच्या आधी तोडता येते. तीन गोष्टी ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: लाल इशारा असेल तर कुठे थांबायचं, थांबल्याच्या दिवसाचा भत्ता किती आणि पार्टीला कोण कळवणार. तोंडी ठरलेलं रात्री दोन वाजता कुणाला आठवत नाही.

“ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) संपेल” हे कारण फार ऐकू येतं, आणि ते खोटं आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा संपल्यावर आठ तासांच्या आत ती ऑनलाइन वाढवता येते, आणि कारणांच्या यादीत नैसर्गिक आपत्ती हे कारण दिलेलं आहे. हे काम ऑफिसात बसलेल्या माणसाचं आहे. त्याने रात्री फोन उचलावा एवढंच.

गाडीची तपासणी

सगळी यादी देत नाही, ती प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असते. पावसात जिथे हमखास घोटाळा होतो तेवढंच सांगतो.

टायर. नियमाप्रमाणे नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण तेवढ्यावर मुंबईचा पावसाळा काढणं म्हणजे नशिबावर सोडणं. गोटा झालेले, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झालेले, टायर मागच्या जोडीत आतल्या बाजूला लपवायची पद्धत आहे. पावसात गाडी मागूनच घसरते, त्यामुळे ही लपवाछपवी सगळ्यात महागात पडते. हवा कंपनीने सांगितलेलीच ठेवा. पकड वाढेल म्हणून हवा कमी करणारे भेटतात, पण कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो.

ब्रेक. एअर टँकचा ड्रेन वॉल्व्ह रोज उघडून पाणी काढा. दमट हवेत टँकमध्ये पाणी साठतं, हवेला जागा कमी पडते आणि वॉल्व्ह गंजतात.

काच. वायपरचं रबर कडक झालं असेल तर आजच बदला, घाटाच्या तोंडावर नाही. आतून काच धुरकट होत असेल तर एसी किंवा ब्लोअर काचेकडे वळवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. जुन्या गाडीत दोन्ही खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा आणि कोरडं फडकं हाताशी असू द्या.

ताडपत्री दोरीने इतकी घट्ट आवळा की वारा खाली शिरणार नाही. एक कोपरा सुटला की ती शिडासारखी फुगते. कंटेनर ट्रेलरला जखडणारे चारही ट्विस्ट लॉक स्वतः हाताने तपासा, यार्डातल्या माणसाच्या “लावलेत” वर विसंबू नका.

गाडीत हे हवंच: दोन लाकडी ठोकळे, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, बॅटरी, लांब काठी, गमबूट, पिण्याचं पाणी, सुका खाऊ, चार्ज केलेली पॉवर बँक. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत आणि त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये.

पावसात चालवताना

पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सगळ्यात घसरडा असतो. रस्त्यावरचं ऑइल, रबर आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो, तो वाहून जाईपर्यंत वेग अर्ध्यावर आणा.

ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला सुमारे दुप्पट अंतर लागतं असं धरून चाला. अंतर मोजायची सोपी रीत: पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश मोजायला लागा. सहा म्हणायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर जवळ आहात. मधे मोटारी घुसतील. घुसू द्या.

रिकाम्या गाडीला पावसात जास्त जपा. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. भरलेल्या गाडीचं वजन टायरखालचं पाणी बाहेर ढकलतं, रिकाम्या गाडीचा टायर त्या पाण्यावर चढतो. रिकामा ट्रेलर जोरात ब्रेक मारला की मागून फिरतो, आणि खाडीपुलावर आडवा वारा त्याला शेजारच्या लेनमध्ये ढकलतो. माल उतरवून हलक्या मनाने परत निघालेला ड्रायव्हर वेग वाढवतो आणि नेमका तिथेच फसतो. रिकाम्या गाडीत ओल्या वळणावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) बंद ठेवा, कारण तो फक्त मागची चाकं अडवतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर समजा टायर पाण्यावर तरंगतोय. ब्रेक मारू नका, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात की चालता आहात, डावीकडे वळणार की उजवीकडे, काहीच कळत नाही. डिपरवर हेडलाइट पुरेत. धुक्यात अप्पर लावला तर उजेड उलटा डोळ्यावर येतो.

शहरात डावी कड सोडून चाला. गटारांची झाकणं, काँक्रीटच्या कामाचे खड्डे, नव्याने बुजवलेले चर सगळं त्याच बाजूला असतं. पूर्व द्रुतगतीवर उड्डाणपुलांखाली दुचाकीवाले पावसात दाटीवाटीने उभे राहतात, कधी अर्धी लेन व्यापून. पुलाखाली शिरायच्या आधीच वेग कमी करा, कारण उजेडातून अंधारात गेल्यावर ते उशिरा दिसतात.

पाणी साचलेलं दिसलं तर

वाहतं पाणी आणि उभं पाणी यांत फरक करा. वाहत्या पाण्यात, पुलावरून असो की रस्त्यावरून, गाडी घालायचीच नाही. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना उचलतं. शिवाय पाण्याखाली पूल शिल्लक आहे का हे तुम्हाला कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस अंधारात सरळ नदीत गेल्या.

उभ्या पाण्यात:

१. थांबा आणि तुमच्याएवढी गाडी किंवा बस जाताना पाहा. पाणी तिच्या चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे मधल्या भागापर्यंत, पोहोचत असेल तर जाऊ नका. कुणीच जात नसेल तर दुभाजकाची पिवळी-काळी कड बघा. ती बुडाली असेल तर परत फिरा.

२. खिडक्या खाली करा. पाण्यात वायरिंग गेलं की पॉवर विंडो उघडत नाहीत. २००५ ला मोटारींत गुदमरून गेलेली माणसं अशीच अडकली होती.

३. पहिला किंवा दुसरा गिअर पाण्याबाहेरच टाका. आत गेल्यावर गिअर बदलायचा नाही, क्लच अर्धा दाबायचा नाही, इंजिनचा आवाज एकसारखा ठेवायचा.

४. रस्त्याच्या मध्यावरून जा. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत आत शिरू नका, ती बंद पडली तर तुम्हीही अडकता. वेग वाढवलात तर उठलेली लाट दुकानांत आणि दुचाकीवाल्यांच्या अंगावर जाते.

५. बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चाला. लायनर कोरडे होईपर्यंत ब्रेक पूर्ण लागत नाहीत.

६. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा कट-ऑफ बंद करा. पाणी चढत असेल तर गाडी सोडा, आणि उतरून चालताना काठीने पुढची जमीन चाचपत जा. मॅनहोल उघडं असू शकतं.

घाटात

उतार लागायच्या आधी, वरच, गिअर निवडा. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच किंवा एक खालच्या गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं ही आपल्याकडची सगळ्यात जीवघेणी काटकसर आहे, आणि त्यात वाचत काहीच नाही. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये उतरत असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना डिझेल बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं.

दरडीची लक्षणं आधी दिसतात. रस्त्यावर ताजे बारीक दगड, डोंगरातून अचानक येणारं गढूळ पाणी, तिरके झालेले खांब. आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ आणि जुलै २०२३ मध्ये दरडी आल्या, म्हणजे जागाही ठरलेल्या आहेत. असं काही दिसलं तर थांबून फोटो काढू नका, पुढे निघून जा आणि मग ११२ ला कळवा. पुढे दरड पडून वाहतूक थांबली असेल, तर कापलेल्या डोंगराखाली रांगेत लागू नका. दुसरी दरड त्याच जागी येऊ शकते. शक्य असेल तेवढं मागे, मोकळ्या पट्ट्यात राहा.

वीज, वारा, तारा

विजा चमकत असताना बंद केबिन सुरक्षित आहे. धातूला हात लावू नका आणि ताडपत्री बांधायला मालावर चढू नका. विजेची तार गाडीवर पडली तर आतच बसा, लोकांना लांब राहायला ओरडून सांगा आणि ११२ ला फोन करा. आग लागली तरच उतरायचं. तेही गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता घासत लांब जायचं.

चक्रीवादळाचा इशारा असेल तर रिकामा कंटेनर बाहेर काढूच नका. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ धडकलं, आणि तौक्तेने १७ मे २०२१ ला मुंबईच्या किनाऱ्याला न टेकताही मुंबईत झाडं पाडली.

अडकलात तर, आणि नंतर

महापालिका हद्दीत १९१६, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी सगळ्यासाठी ११२. साइडपट्टीवर गाडी लावलीत तर चाकांना ठोकळे आणि मागे लांब त्रिकोण. दगड आणि फांद्या लावू नका. निघताना त्या कुणी उचलत नाही आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आपटतो. भिजलेली मातीची कड भरलेल्या गाडीखाली खचते, चाकं डांबरावरच ठेवा. सायलेन्सरचं तोंड पाण्याने किंवा चिखलाने बंद झालं असेल तर इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका.

गाडी पाण्यातून गेली असेल तर दुसऱ्या दिवशीच इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि डिफरन्शियलचं ऑइल बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, ते बदलल्याशिवाय गाडी हलवू नका. हब उघडून ग्रीस बदला. हे काम लोक पुढे ढकलतात आणि दिवाळीच्या सुमारास बेअरिंग जाम होऊन चाक तापतं. गाडी पाण्यात बंद पडली असेल तर सुरू करण्याआधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं असेल तर दावा बहुतेक नाकारला जातो.

साचलेल्या पाण्यातून चालला असाल, विशेषतः पायाला जखम असेल, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका आहे. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो. २४ ते ७२ तासांच्या आत महापालिकेच्या किंवा जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जा. पाण्यात किती वेळ होता आणि जखम होती का हे सांगितलं की डॉक्टर प्रतिबंधक गोळी ठरवतात. मेडिकलवाल्याकडून मनाने घेऊ नका. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं आणि तुम्ही तेव्हा नागपूरला किंवा इंदूरला असलात, तर तिथल्या डॉक्टरला आधी हे सांगा की मी मुंबईच्या पुराच्या पाण्यातून चाललो होतो.